सिसरोसमोरचं रिकामं बाक

गेल्या अंकात या पानावर आपण चेझारे माकारीचं सिसरो आणि कॅटिलिनाचं चित्र छापलं होतं, रोमन सेनेटमधलं, म्हणजे प्राचीन रोमच्या राज्यकारभाराच्या सभेतलं, त्यावर खूप पत्रं आली. सगळी घेता येणार नाहीत, त्यातली पाच घेतेय.

प्रश्न : नमस्कार ताई. मी दादरला राहतो, आयुष्यभर वकिली केली, आता निवृत्त आहे. तुम्ही छापलेल्या चित्रात पांढऱ्या केसांचा सिसरो हात पसरून उभा आहे आणि उजवीकडे कॅटिलिना मान खाली घालून एकटाच बसलाय, आजूबाजूची बाकं मोकळी. हेच चित्र आमच्या वकिलांच्या ग्रुपवर 'वक्तृत्वाची ताकद' म्हणून सारखं फिरत असतं. मला एवढंच विचारायचंय की हे खरंच असं घडलं का? आणि चित्रकाराला ते कुठून कळलं?

उत्तर : काका, अर्धं घडलं. आणि जे घडलं ते चित्रात इतकं जोरदार उतरलंय की उरलेल्या अर्ध्याकडे कोणाचं लक्षच जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी चित्राबद्दल. हे कॅनव्हासवरचं पेंटिंग नाहीये, भिंतीवरचं फ्रेस्को आहे, रोममध्ये पालाझ्झो मादामा नावाचा जुना वाडा आहे त्याच्या एका दालनात, आणि तो वाडा म्हणजे आजच्या इटलीच्या सेनेटची इमारत. माकारी १८४० साली सिएनात जन्मला, १९१९ साली रोममध्ये वारला, आणि हे काम त्याने १८८० च्या दशकात केलं. प्रसंग आहे इ.स.पू. ६३ चा. म्हणजे मधे जवळपास साडेएकोणीसशे वर्षं गेलेली.

आता प्रसंग काय होता ते. सिसरो त्या वर्षी कॉन्सल होता, म्हणजे रोममधलं सगळ्यात मोठं पद, आणि तो आर्पिनम नावाच्या लहान गावातून आलेला, त्याच्या घराण्यात आधी कोणी या पदाच्या जवळपासही गेलं नव्हतं. कॅटिलिना मात्र जुन्या खानदानी घरातला. कॉन्सलपदाच्या निवडणुकीत दोघं समोरासमोर उभे होते, सिसरो जिंकला, कॅटिलिना पडला, पुढच्या वर्षी परत उभा राहिला आणि परत पडला. डोक्यावर कर्ज असलेले खूप लोक त्याच्या मागे होते कारण कर्जमाफी करतो म्हणून तो सांगत होता, आणि उत्तरेला एट्रुरियात मॅन्लियस नावाचा त्याचा माणूस सैन्य जमवत होता. नोव्हेंबरात एका रात्री कॅटिलिनाच्या लोकांची गुप्त बैठक झाली, दोघांनी सकाळी भेटायच्या निमित्ताने सिसरोच्या घरी जाऊन त्याला मारायचं ठरवलं, पण बातमी फुटली, कटातल्याच एकाच्या प्रेयसीने, फुल्व्हिया तिचं नाव, सिसरोपर्यंत खबर पोचवली आणि मारेकऱ्यांना दार उघडलंच नाही. लगेच सिसरोने सेनेट बोलावली, ज्युपिटर स्टेटरच्या देवळात, आणि सगळ्यांना धक्का बसला तो याचा की कॅटिलिना स्वतःच तिथे येऊन बसला.

इथे ते बाक येतं. सिसरोच्या भाषणातच आहे की तू आलास तेव्हा इतक्या ओळखीच्या लोकांत एकानेही तुला नमस्कार केला नाही, आणि तू बसलास तशी माजी कॉन्सल मंडळी उठून गेली, तुझ्या बाजूची बाकं ओकीबोकी झाली. म्हणजे माकारीने ते मनाने रचलेलं नाही, सिसरोच्या शब्दावरून घेतलंय. फक्त एक बघा काका, तुम्ही वकील आहात म्हणून मुद्दाम सांगते, बाकं रिकामी झाली ती भाषणाच्या आधी. ग्रुपवर जे फिरतं की भाषण ऐकून लोक लांब सरकले, तसं नाहीये. लोकांचं आधीच ठरलं होतं आणि सिसरो ते बोट दाखवून सांगत होता.

हे इतकं महत्त्वाचं का, तर रोमन सेनेटमध्ये मत द्यायची पद्धतच अशी होती की ज्याचं म्हणणं पटलं त्याच्या बाजूला चालत जाऊन उभं राहायचं. जागा बदलणं म्हणजेच मत. आणि त्या दिवशी रीतसर मत झालंच नाही! भाषणात सिसरो सांगतो की तू म्हणतोस हा विषय सेनेटपुढे ठेवा, सेनेटने सांगितलं तर मी शहर सोडून जातो. सिसरो म्हणतो, नाही ठेवणार. मग तो कॅटिलिनाला सांगतो की निघून जा इथून, थोडा थांबतो आणि म्हणतो बघ, सगळे गप्प आहेत, कोणी विरोध करतंय का? म्हणजे आरोप सिसरोचा, ठराव मांडायचा की नाही हे सिसरो ठरवणार, आणि लोक गप्प बसले त्याचा अर्थ काय तेही सिसरोच सांगणार. मला हे चित्र मनापासून आवडतं, पण बघताना हे विसरता येत नाही की आपण अख्खा प्रसंग एकाच पक्षाच्या वकिलाच्या तोंडून बघतोय. आणि ते भाषण लिखित स्वरूपात बाहेर आलं ते बहुतेक तीनेक वर्षांनी, इ.स.पू. ६० च्या सुमाराला त्याने आपली कॉन्सलपदाची भाषणं मित्राला, अॅटिकसला, धाडली तेव्हा, त्यामुळे त्यात नंतर हात फिरला असेल असं बरेच अभ्यासक मानतात.

कॅटिलिना गप्प बसला नव्हता हेही चित्रातून कळत नाही. सॅलस्ट नावाच्या रोमन इतिहासकाराने वीसेक वर्षांनी हे सगळं लिहिलं, त्यात आहे की सिसरो खाली बसल्यावर कॅटिलिना मान खाली घालून, आवाज नरम करून बोलायला उठला, म्हणाला की माझ्याबद्दल उगाच काहीही खरं मानू नका, माझ्या घराण्याने रोमसाठी इतकं केलं, मी रोम बुडवीन आणि हा शहरात भाड्याने राहणारा उपरा ते वाचवेल असं वाटतं तरी कसं तुम्हाला? तेव्हा सगळे ओरडले, देशाचा शत्रू, खुनी. त्याच रात्री तो शहर सोडून सैन्याकडे गेला आणि इ.स.पू. ६२ च्या सुरुवातीला पिस्टोरियाजवळच्या लढाईत मारला गेला.

मधे डिसेंबरात काय झालं ते तुम्हाला जास्त लागेल. शहरात उरलेले त्याचे पाच साथीदार पकडले गेले, पुरावे होते, सेनेटमध्ये दोन बाजू पडल्या, ज्युलियस सीझर म्हणाला फाशी नको कैदेत टाका, केटो नावाचा सेनेटर म्हणाला मारा, आणि सिसरोने त्या पाचही रोमन नागरिकांना खटला न चालवता तुरुंगात गळा आवळून मारायला लावलं. इ.स.पू. ५८ मध्ये याच कारणावरून त्याला देश सोडावा लागला, पॅलाटाइन टेकडीवरचं घर लोकांनी पाडलं. वक्तृत्वाची ताकद म्हणून जे चित्र फिरतं त्याच्या पुढचा महिना हा आहे, ग्रुपवर पुढच्या वेळी आलं की एवढं नक्की लिहा, वकिलांच्या ग्रुपवर तर लिहाच.

प्रश्न : मी बोरिवलीत शाळेत इतिहास शिकवते. गेल्या अंकात तुम्ही ओझरतं म्हणालात की या चित्रात चुका आहेत. कुठल्या? आणि मग मुलांना दाखवू की नको?

उत्तर : दाखवा, जरूर दाखवा.

सगळ्यात मोठी गोष्ट वयाची. चित्रात सिसरो पांढरे केस झालेला वयस्कर आणि कॅटिलिना काळ्या केसांचा दणकट तरुण. प्रत्यक्षात सिसरोचा जन्म इ.स.पू. १०६ चा, म्हणजे त्या दिवशी तो ४३ वर्षांचा होता, कॉन्सल व्हायला जे कमीत कमी वय लागायचं त्याच वयात तो निवडून आला होता आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. कॅटिलिना त्याच्यापेक्षा थोडा मोठाच असणार. हे वय बदललं की गोष्टच बदलते हो. एकाच वयाचे, एकाच पदासाठी लढलेले, एकमेकांना चांगले ओळखणारे दोन राजकारणी, असं ते होतं, आणि चित्रात ते झालं घरातल्या शहाण्या वडीलमाणसाने वाया गेलेल्या पोराला फैलावर घेणं. मग आपण बघताक्षणी सिसरोच्या बाजूने होतो, विचार करायच्या आतच.

दुसरं म्हणजे हॉल. चित्रात अर्धगोल बैठक आहे. रोमन सेनेटर असे बसत नव्हते, लांबट खोलीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बाकं आणि मधे मोकळी जागा, म्हणजे आपण वर ज्या चालत जाऊन मत देण्याबद्दल बोललो त्याला सोयीचं. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे जुन्या मुख्य चौकात, सेनेटची एक इमारत आजही उभी आहे, सीझरने सुरू केलेली, ऑगस्टसने पूर्ण केलेली आणि आगीनंतर सम्राट डायोक्लिशनच्या काळात परत बांधलेली, तिच्यात दोन्ही बाजूंना बुटक्या रुंद पायऱ्या स्पष्ट दिसतात. पण सातव्या शतकात तिचं चर्च झालं होतं आणि चर्चचं बांधकाम काढून आतला भाग मोकळा केला तो १९३० च्या दशकात, म्हणजे माकारी रोममध्ये काम करत होता तेव्हा त्या भिंतींच्या आत चर्च होतं, पायऱ्या त्याच्या डोळ्यांना दिसणंच शक्य नव्हतं. आणि तसंही ही सभा त्या जागी भरलीच नव्हती, ज्युपिटर स्टेटरच्या देवळात भरली होती, तीही सुरक्षेसाठी, बाहेर सशस्त्र लोक उभे होते.

मग अर्धगोल आला कुठून? एकोणिसाव्या शतकातल्या युरोपच्या संसदांमधून. इटलीचं राज्य १८६१ ला एक झालं, रोम ताब्यात आलं १८७० ला, आणि १८७१ पासून सेनेट पालाझ्झो मादामात भरायला लागली, तिचं सभागृह अर्धगोल. तेव्हाचे सेनेटर निवडून येत नव्हते, राजा त्यांना आयुष्यभरासाठी नेमायचा, वय किमान ४० लागायचं. आता हे ध्यानात घेऊन परत चित्र बघा. त्या दालनात माकारीने अजूनही प्रसंग रंगवलेत, आंधळा झालेला म्हातारा अॅपियस क्लॉडियस शत्रूशी तह करू नका सांगायला सेनेटमध्ये येतोय, रेग्युलस दिलेला शब्द पाळायला परत शत्रूच्या शहरात, कार्थेजला, मरायला निघालाय, क्युरियस डेंटाटस शत्रूने आणलेलं सोनं परत करतोय, आणि शहर लुटायला आलेल्या गॉल लोकांसमोर म्हातारे सेनेटर खुर्चीवर हलत नाहीत. सगळीकडे वय, शब्द, निष्ठा. दहा-वीस वर्षांचं जे नवीन सेनेट होतं त्याला भिंतीवर आपले पूर्वज हवे होते, आणि पूर्वज म्हटला की केस पांढरे.

हे आपल्याकडेही झालंय. राजा रविवर्माने १८९४ ला मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या, आता लक्ष्मी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साडी नेसलेली तीच कमळातली लक्ष्मी येते, जुन्या लेण्यांमधली गजलक्ष्मी येत नाही. सिसरोचं असंच झालं, जगभरच्या पुस्तकांतून माकारीचाच सिसरो छापला जातो आणि तोच खरा वाटतो.

मुलांना दाखवताना एक करून बघा. आधी सिसरोच्या भाषणातल्या त्या दोन ओळी वाचून दाखवा, नमस्कार नाही केला आणि बाकं रिकामी झाली, आणि मुलांना सांगा आता तुम्ही काढा हे चित्र. मग माकारीचं दाखवा. चित्रकाराने काय घेतलं आणि काय घातलं हे पोरं स्वतःच सांगतील, तुम्हाला चुकांची यादी फळ्यावर लिहावी लागणार नाही.

प्रश्न : सीझरच्या खुनाचं एक चित्र आहे, जेरोमचं, त्यात सगळे पळतायत आणि एक जाडा माणूस तसाच खुर्चीत बसून आहे. तो कोण? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : त्याचं नाव इतिहासात शोधू नका, पण तो आला कुठून ते सांगता येतं. जाँ-लेऑन जेरोम फ्रेंच चित्रकार, १८२४ ते १९०४, त्याने हे चित्र १८६७ पर्यंत पूर्ण केलं, आज ते अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्युझियममध्ये आहे. प्लुटार्क या जुन्या ग्रीक चरित्रकाराने लिहिलंय की कटात नसलेले सेनेटर इतके हबकले की त्यांना ना पळवेना, ना मदतीला जाववेना, तोंडातून शब्दही फुटेना. मला तो बसलेला माणूस म्हणजे हे वाक्य वाटतो. काही जण म्हणतात तो झोपलाय, मला ते पटत नाही.

जेरोमने जागाही बरोबर पकडलीये, इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चला सेनेट पाँपेच्या, म्हणजे सीझरच्या जुन्या शत्रूने बांधलेल्या, सभागृहात भरली होती, शेक्सपिअरने तो खून कॅपिटॉल टेकडीवर घडवलाय तसा नाही, आणि चित्रात प्रेत पाँपेच्याच पुतळ्याच्या पायाशी आहे. खुनी मारताना दाखवायच्या ऐवजी त्याने त्यानंतरचा क्षण घेतला याचं मला फार कौतुक वाटतं, कारण स्युटोनियस हा रोमन चरित्रकार सांगतो की सगळे पांगल्यावर प्रेत बराच वेळ तसंच पडून होतं, मग तीन गुलामांनी पालखीतून घरी नेलं, एक हात बाहेर लोंबत होता. २३ जखमा, आणि तपासणाऱ्या वैद्याच्या मते त्यातली जीवघेणी एकच. त्या सभागृहाचे अवशेष रोमच्या लार्गो अर्जेंटिना चौकात आहेत, २०२३ पासून तिथे लोकांना खाली उतरून फिरता येतं.

प्रश्न : ताई, रोमला जाणं काही आम्हाला जमणार नाही. त्या काळातली खरी रोमन वस्तू आपल्या इथे कुठे बघायला मिळेल का? (मुलुंड)

उत्तर : मिळेल की, कोल्हापूरला जा. तिथे ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती सापडली, टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, पंचगंगेच्या काठावर भूमध्य समुद्रावरचा देव! अंबाबाईच्या दर्शनाला जातोच आपण, त्यात एक तास काढा. आणि घराजवळचं म्हणाल तर नालासोपारा आणि कल्याण, ही दोन्ही बंदरं पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात नावानिशी आहेत, आणि घारापुरीला रोमन मद्याच्या सुरयांचे तुकडे मिळालेत. सिसरोनंतर शंभरेक वर्षांतली गोष्ट ही. तुम्ही मुलुंडहून रोज ज्या लाईनने जाता त्याच लाईनवरचं कल्याण.

प्रश्न : हाय ताई, मी परळच्या एका कॉलेजात एस.वाय.ला आहे. आमची एकांकिका सिसरो-कॅटिलिनावर बसवतोय, स्पर्धा आहे. दिग्दर्शक म्हणतो स्टेज हुबेहूब चित्रासारखं लावू. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : अरे वा, वाचूनच मस्त वाटलं! पण चित्रासारखं लावू नका रे. एक तर अर्धगोल लावलात की सगळे प्रेक्षकांकडे तोंड करून बसणार आणि कॅटिलिना एका कोपऱ्यात जाणार. त्यापेक्षा खरी रोमन बैठक लावा, डावीकडे बाकं, उजवीकडे बाकं, मधली पट्टी मोकळी, प्रेक्षक पट्टीच्या एका टोकाला. मग कॅटिलिना येऊन उजवीकडे बसला की माणसं एकेक करून उठतील आणि मधली मोकळी जागा पार करून डावीकडे जाऊन बसतील, हे सगळं एकही संवाद न घेता करता येईल आणि प्रेक्षकांना आपोआप कळेल की मतदान झालं. सिसरोने तोंड उघडायच्या आधी. तुमचा पहिला मिनिट-दीड मिनिट तिथेच जाऊ दे, घाई करू नका.

सिसरोला पांढरा विग लावू नका. दोघांसाठी सारख्या वयाची, सारख्या ताकदीची पोरं घ्या, जमलं तर तालमीत रोल आलटून पालटून करून बघा, कोण कुठला करतोय ते नंतर ठरवा. भाषणाची सुरुवात तर त्या प्रसिद्ध वाक्यानेच होणार, 'किती दिवस, कॅटिलिना, आमच्या सहनशीलतेचा अंत बघणार आहेस?', पण ते ओरडून सुरू केलंत तर पुढे चढायला जागा राहणार नाही. हा माणूस नुकताच मरता मरता वाचलाय, तो चिडलेला आहे तितकाच घाबरलेला आहे, आणि त्याच्याकडे ठराव मांडायची हिंमत नाहीये किंवा इच्छा नाहीये, हे नटाला माहीत असलं पाहिजे. 'नाही ठेवणार सेनेटपुढे' ही जागा कापू नका, वेळ कमी पडला तर दुसरं काहीही कापा.

आणि कॅटिलिनाला बोलू द्या. सॅलस्टने दिलंय ते उत्तर आहेच तुमच्याकडे, खानदानी माणूस गावाकडून आलेल्या कॉन्सलला भाडेकरू म्हणतो, मुंबईत बसलेल्या प्रेक्षकाला ते कुठे लागेल हे मी तुला सांगायला नको. त्या वाक्यावर हॉलमध्ये दोन तट पडले तर एकांकिका जमली समज.

कपड्यांचं विचारलं नाहीस तरी सांगते, नुसती बेडशीट गुंडाळली की ती टोगा दिसत नाही, टोग्याचं कापड अर्धगोल कापलेलं असायचं, डावा खांदा आणि हात त्यात झाकला जायचा, उजवा मोकळा, म्हणून हातवारे उजव्या हाताने जास्त. आत पांढरा अंगरखा, सेनेटरच्या अंगरख्यावर वरून खाली रुंद जांभळा पट्टा. लालबागच्या कापडाच्या दुकानात साधं मांजरपाट मिळेल, पण ते आधी धुऊन घ्या म्हणजे घडी नीट पडते. संहिता झाली की मासिकाच्या पत्त्यावर पाठव, आणि प्रयोगाची तारीख ठरली की कळव, मी येणार आहे.